कॅड मॉडेलपासून खऱ्या वाटणाऱ्या चित्रापर्यंत: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात आम्ही थ्रीडी चित्रांविषयी वाचकांचे प्रश्न मागवले होते. मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या पत्रांत कोणते सॉफ्टवेअर घ्यावे आणि कोणते ग्राफिक्स कार्ड घ्यावे, ही विचारणा पुष्कळ आहे. परंतु सोबत पाठवलेल्या फायली उघडून पाहिल्यावर लक्षात आले की, बहुतेकांची अडचण त्याच्या बरीच आधी सुरू होते. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर डिझाइन काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, काढलेले मॉडेल रेंडरिंगच्या, म्हणजे मॉडेलवरून उजेड-सावलीसह चित्र तयार करणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये नेण्यापूर्वी त्याची जी तयारी करावी लागते, तीच राहून गेलेली असते आणि मग तिची भरपाई लाइट व मटेरियल बदलून करण्याची धडपड चालते. म्हणून या वेळी त्या तयारीसंबंधीचे प्रश्न निवडले आहेत. वाचकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: मी एका लहान कंपनीत मिक्सरसारख्या घरगुती उपकरणांचे डिझाइन करतो. सॉलिडवर्क्समधले माझे मॉडेल अचूक असते, पण रेंडर केल्यावर स्टीलच्या भांड्याची कड पैलूदार दिसते, त्यावरचे प्रतिबिंब तुटक येते आणि एकंदर वस्तू खेळण्यातली वाटते. लाइट आणि मटेरियल बदलून पाहिले, फरक पडत नाही. नेमके काय करावे? (वाचक, विक्रोळी)

उत्तर: सॉलिडवर्क्समध्ये आपले भांडे हे गणिती सूत्राने मांडलेले खरोखरचे गोल पृष्ठ असते, ते कितीही जवळून पाहिले तरी गोलच राहते. रेंडरिंगची बहुतेक सॉफ्टवेअर मात्र त्रिकोणांच्या जाळीवर, म्हणजे मेशवर, काम करतात. त्यामुळे फाइल एकीकडून दुसरीकडे जाताना प्रत्येक वक्र पृष्ठाचे सपाट त्रिकोण होतात, आणि ते किती बारीक व्हावेत हे ठरवणारे दोन आकडे एक्सपोर्टच्या किंवा इम्पोर्टच्या खिडकीत दिलेले असतात. त्या खिडकीकडे न पाहता ‘ओके’ दाबण्याची सवय फार जणांना आहे, आणि आपल्या भांड्याचे पैलू तिथेच तयार झाले आहेत.

पहिला आकडा अंतराचा असतो: त्रिकोणाची बाजू मूळ वक्रापासून जास्तीत जास्त किती दूर गेलेली चालेल, हे तो सांगतो. आपल्या भांड्याचा व्यास १०० मिलिमीटर धरू. त्याच्या वर्तुळाचे ३२ सरळ तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर मूळ वर्तुळापासूनचे अंतर सुमारे ०.२४ मिलिमीटर येते. ६४ तुकडे केले तर ते ०.०६ होते, म्हणजे तुकडे दुप्पट केले की चूक एक चतुर्थांश होते. आता अंतिम चित्रात हे भांडे २००० पिक्सेल रुंद दिसणार असेल, तर एका मिलिमीटरला २० पिक्सेल मिळतात. म्हणजे ०.२४ मिलिमीटरची चूक जवळजवळ पाच पिक्सेलची झाली, आणि ती कोणालाही दिसेल. १२८ तुकड्यांवर हीच चूक पिक्सेलच्या एक तृतीयांशाहूनही कमी उरते. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो, आणि चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत ठेवली की पुरते. त्याहून बारीक जाळी करून संगणकाची मेमरी खर्च करण्यात काही अर्थ नाही. दूरवर ठेवलेल्या वस्तूंना तर जाडसर जाळीही चालते.

दुसरा आकडा कोनाचा असतो आणि त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. लहान त्रिज्येच्या फिलेटला, म्हणजे कडेला दिलेल्या गोलाईला, अंतराचा नियम पुरत नाही. उदाहरणार्थ, १ मिलिमीटर त्रिज्येचे फिलेट ०.१ मिलिमीटरच्या अंतर-मर्यादेत अवघ्या दोन तुकड्यांत बसते, आणि मग गोल केलेली कड रेंडरमध्ये छाटलेल्या कडेसारखी दिसते. कोनाची मर्यादा १० अंश ठेवली, तर त्याच फिलेटच्या पाव वर्तुळाचे नऊ तुकडे होतात आणि त्यावरून प्रकाश सलगपणे वळतो. म्हणून मोठ्या वक्रांसाठी अंतर आणि लहान फिलेटसाठी कोन, अशा दोन्ही मर्यादा घालाव्यात.

प्रतिबिंब तुटक येण्याचे कारण थोडे निराळे आहे. त्रिकोण सपाट असले तरी प्रत्येक कोपऱ्यावर ‘नॉर्मल’, म्हणजे पृष्ठभागाची दिशा, नोंदलेली असते आणि रेंडरर त्या दिशांवरून प्रतिबिंब काढतो. कॅडमधून जाळी बाहेर पडताना या दिशा मूळ वक्रावरून नेमक्या घेता येतात. मात्र पुष्कळ जण फाइल उघडल्यावर घाईने ‘स्मूथ’चा आदेश देतात. त्यामुळे त्या अचूक दिशा पुसल्या जाऊन शेजारच्या त्रिकोणांची सरासरी घेतली जाते, आणि फिलेटला लागून असलेल्या मोठ्या सपाट पृष्ठावर मळकट सावल्या पसरतात. आपल्या फाइलमध्ये मोटरच्या आवरणावर जे ढग दिसतात, ते हेच आहेत. कॅडमधून नॉर्मल्ससह एक्सपोर्ट करावे आणि नंतर त्यांना हात लावू नये.

आता वस्तू खेळण्यातली का वाटते, त्याविषयी. कॅडमध्ये दोन पृष्ठे जिथे मिळतात तिथे शून्य रुंदीची कड असते. कारखान्यातून बाहेर पडलेल्या एकाही वस्तूला अशी कड नसते. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकला, कापलेल्या पत्र्याला, घासलेल्या ग्रॅनाइटला थोडी तरी गोलाई असतेच. ती गोलाई अगदी लहान असली तरी तिच्यावर दोन पृष्ठांच्या मधल्या सगळ्या दिशांच्या नॉर्मल्स असतात, त्यामुळे कुठला ना कुठला दिवा तिथे चमकतो आणि कडेवर बारीक उजळ रेघ उमटते. डोळा वस्तूचा आकार आणि तिचा खरेपणा त्या रेघेवरून ओळखतो. प्लॅस्टिकच्या भागांना साधारण अर्ध्या मिलिमीटरची आणि पत्र्याच्या कडांना त्याहून कमी गोलाई द्यावी. ती कॅडमध्येच, चित्रासाठी वेगळे कॉन्फिगरेशन, म्हणजे त्याच मॉडेलचे वेगळे रूप, करून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. कीशॉट या रेंडरिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या गोल कडांच्या सेटिंगने किंवा ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडररमधल्या ‘बेव्हल’ नोडने गोलाईचा भास निर्माण करता येतो आणि दूरच्या वस्तूंना तो पुरतो. पण त्याने बाह्यरेषा बदलत नाही, म्हणून जवळच्या चित्रात तो उघडा पडतो.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. आपल्या मॉडेलमध्ये आवरणाचे दोन भाग एकमेकांना तंतोतंत चिकटलेले आहेत, त्यामुळे जोड दिसतच नाही. प्रत्यक्षात तिथे बारीक फट असते आणि तिच्यात सावली पडते. ०.३ ते ०.५ मिलिमीटरची फट ठेवून पाहावी. आवरण एकदम जुळवलेल्या वस्तूसारखे दिसू लागते. आतली मोटर, गिअर आणि स्क्रू जर झाकणातून किंवा हवेच्या जाळीतून दिसत नसतील, तर ते काढून टाकावेत. फाइल हलकी होतेच, शिवाय बाहेरच्या कलाकाराला काम देताना कंपनीचे अंतर्गत डिझाइनही त्याच्या हाती जात नाही.

प्रश्न: ब्लेंडरमध्ये स्टेप फाइल उघडत नाही. ती एसटीएल करून न्यावी का? (वाचक, दहिसर)

उत्तर: नेऊ नये. एसटीएल हा थ्रीडी प्रिंटिंगसाठीचा प्रकार आहे. त्यात एककाची नोंद नसते, भागांची नावे नसतात, आणि प्रत्येक त्रिकोण सुटा असल्याने वक्राच्या अचूक नॉर्मल्सही येत नाहीत. स्टेप हे कॅड फाइलचे आयएसओ १०३०३ प्रमाणातले रूप आहे; त्यात भागांची रचना, नावे आणि रंग टिकतात, टेक्स्चर, म्हणजे पृष्ठावर बसवलेले चित्र, मात्र येत नाही. कीशॉटसारखी सॉफ्टवेअर स्टेप थेट घेतात. ब्लेंडरसाठी ती फाइल फ्रीकॅडमध्ये उघडून, वर सांगितलेल्या दोन मर्यादा घालून, जीएलटीएफ किंवा ओबीजे या मेशच्या प्रकारात बदलावी. फ्रीकॅडही ब्लेंडरप्रमाणे मोफत आहे. ओबीजेमध्ये एकक नसते, हे लक्षात ठेवावे. मिलिमीटरमधले मॉडेल मीटर समजून उघडले गेले की हजारपट मोठे होते, आणि इंच समजून उघडले गेले तर २५.४ पट. म्हणून उघडल्याबरोबर एखादे ओळखीचे माप मोजावे. वस्तू आडवी पडलेली दिसली, तर एका सॉफ्टवेअरमध्ये झेड अक्ष वर आणि दुसऱ्यात वाय अक्ष वर असल्याचा तो परिणाम आहे. इम्पोर्टच्या खिडकीत तो बदलता येतो.

प्रश्न: मी गोरेगावात इंटिरिअरची कामे करते. ऑटोकॅडच्या प्लॅनवरून स्केचअपमध्ये टू बीएचके फ्लॅट उभा करते आणि व्ही-रेमध्ये रेंडर करते. छताच्या कोपऱ्यांतून उजेड आत शिरतो, कपाटांच्या शटरवर काळे डाग येतात, भिंती धुरकट पांढऱ्या होतात, आणि ग्राहक म्हणतात की लॅमिनेट ‘खोटे’ वाटते. (वाचक, गोरेगाव)

उत्तर: आपण चार तक्रारी लिहिल्या आहेत आणि चारहींची मुळे मॉडेलमध्ये आहेत.

कोपऱ्यांतला उजेड पाहू. आपल्या फाइलमध्ये भिंती एकेरी पृष्ठाच्या आहेत आणि स्लॅब त्यांच्यावर नुसता टेकलेला आहे. प्लॅनमधल्या रेषा जिथे अर्धा मिलिमीटर चुकल्या आहेत, तिथे छत आणि भिंतीमध्ये फट राहिली आहे. माणसाला ती दिसत नाही, पण सूर्यकिरणाला दिसते. भिंतींना त्यांची खरी जाडी द्यावी आणि स्लॅब भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्यावा. प्लॅन उभा करण्याआधी ऑटोकॅडमध्येच दुहेरी रेषा काढून टाकाव्यात, सुटी टोके जोडावीत आणि हॅच (आकार भरणाऱ्या रेघा) व मापे वेगळ्या लेयरवर ठेवून बंद करावीत. यात अर्धा दिवस जातो, पण पुढचे सारे काम त्याच्यावर उभे राहते.

शटरवरचे काळे डाग हे एकाच जागी पडलेल्या दोन पृष्ठांचे आहेत. प्लायचे पृष्ठ आणि त्यावर लॅमिनेट म्हणून काढलेले पृष्ठ तंतोतंत एकाच पातळीवर असले की, किरण आधी कोणाला लागला हे रेंडररला ठरवता येत नाही. लॅमिनेटला त्याची एक मिलिमीटरची जाडी द्यावी किंवा आतले पृष्ठ पुसून टाकावे. त्याच वेळी पृष्ठांच्या बाजूही तपासाव्यात. स्केचअपमध्ये उलट बाजू निळसर करड्या रंगाची दिसते. मोनोक्रोम दृश्य लावले की उलटी पृष्ठे चटकन सापडतात, आणि ती ‘रिव्हर्स फेसेस’ने सुलटी करता येतात.

भिंती धुरकट होतात, कारण आपण त्यांना संगणकातला पूर्ण पांढरा रंग दिला आहे. पूर्ण पांढरा म्हणजे पडलेला सर्व प्रकाश परत पाठवणारा पृष्ठभाग, आणि तसा रंग कोणत्याही डब्यात मिळत नाही. ताजा पांढरा रंगसुद्धा साधारण ऐंशी टक्के प्रकाश परत करतो. भिंतीचे मूल्य तेवढे खाली आणले की कोपऱ्यांत सावली उतरते आणि खोलीला खोली येते.

लॅमिनेटविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण मुंबईतल्या लहान फ्लॅटमध्ये अर्धे चित्र वॉर्डरोब आणि स्वयंपाकघराच्या शटरनीच भरलेले असते. लॅमिनेटची शीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरची असते आणि रेषा तिच्या लांबीच्या दिशेने जातात. आपल्या चित्रात हेच टेक्स्चर ६०० मिलिमीटरच्या चौकोनात कोंबले आहे, त्यामुळे सागाची रेषा आगपेटीच्या काडीएवढी बारीक झाली आहे, आणि प्रत्येक शटरवर तीच गाठ त्याच जागी दिसते. टेक्स्चरला शीटचे खरे माप द्यावे, उभ्या शटरवर रेषा उभी ठेवावी, आणि प्रत्येक शटरवर टेक्स्चर थोडे सरकवावे. तीन ड्रॉवर एकाखाली एक असतील, तर चांगला सुतार ते एकाच पट्टीतून कापतो आणि रेषा वरून खाली सलग जाते. आपणही तसेच करावे. दोन शटरमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवावी, एज बँडिंगची, म्हणजे शटरच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीची, कड किंचित गोल करावी. ओट्याच्या ग्रॅनाइटची पुढची कड कारागीर घासून गोलसर करतात. ती तशी काढली की ट्यूबलाइटची एक लांब रेघ तिच्यावर उमटते आणि दगड ओळखू येतो.

खिडकीची काच आपण एकेरी पृष्ठाने दाखवली आहे. अशा काचेतून आत आलेला किरण वाकतो तो पुन्हा सरळ होत नाही. रेंडररच्या दृष्टीने अख्खी खोलीच काचेने भरलेली ठरते. काचेला पाच मिलिमीटरची जाडी देऊन ती बंद ठोकळा करावी आणि अपवर्तनांक, म्हणजे किरण किती वाकतो हे सांगणारा आकडा, सुमारे १.५२ ठेवावा, किंवा सॉफ्टवेअरमधला पातळ काचेचा पर्याय निवडावा. आतल्या दृश्यांसाठी मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे, कारण त्यात सूर्यप्रकाश विनासायास आत येतो आणि चित्रावर दाणे पडत नाहीत.

प्रश्न: मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी आहे. पुनर्विकासाच्या एका इमारतीचे मॉडेल सर्व्हेच्या नकाशावर बसवले, तर भिंती दातेरी दिसतात आणि कॅमेरा फिरवला की थरथरतात. तसेच, उत्तरेकडच्या दर्शनी भागावर ऊन दाखवल्याबद्दल सरांनी हरकत घेतली. (वाचक, माटुंगा)

उत्तर: आपला नकाशा यूटीएम पद्धतीच्या निर्देशांकांवर आहे; तीत पृथ्वीचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये मोजतात. मुंबई त्यातल्या ४३ व्या पट्ट्यात येते आणि तिथे उत्तरेकडचा निर्देशांक सुमारे २१ लाख मीटर असतो, म्हणजे आपली इमारत मूळबिंदूपासून २१०० किलोमीटरवर उभी आहे. कॅड सॉफ्टवेअर आकडे मोठ्या अचूकतेने साठवते, परंतु रेंडरिंगची सॉफ्टवेअर आणि ग्राफिक्स कार्डे बहुधा ३२ बिटांचे आकडे वापरतात, ज्यांत जेमतेम सात सार्थ अंक मावतात. २१ लाखांच्या आसपास अशा दोन शेजारच्या आकड्यांत १२ ते २५ सेंटीमीटरचे अंतर असते. भिंतीचा प्रत्येक कोपरा तेवढ्या अंतरावरच्या जवळच्या जागी जाऊन बसतो, आणि म्हणूनच भिंत दातेरी होते. प्लॉटचा एक कोपरा निवडून त्याचे निर्देशांक लिहून ठेवावेत आणि सर्व काही तो कोपरा शून्यावर येईल असे सरकवावे. हे कॅडमध्येच, एक्सपोर्टपूर्वी करावे. एक्सपोर्टनंतर सरकवले तर बिघडलेले कोपरे तसेच राहतात.

उन्हाची गोष्ट महिन्यावर अवलंबून आहे. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या भिंतीवर खरोखरच ऊन येते, अर्थात ढग नसतील तर. आपल्या चित्रावर डिसेंबर लिहिले आहे. तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो, म्हणजे सरांची हरकत रास्त आहे. आपल्या फाइलमध्ये उत्तर दिशा नकाशाच्या वरच्या कडेला धरली आहे, तर नकाशावरचा उत्तरेचा बाण तिरका आहे. तो कोन सूर्याच्या सेटिंगमध्ये भरावा. वेळेचा फरकही पाहावा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि मुंबई ७३ अंशांच्या जवळ आहे. त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साधारण बारा चाळीसच्या सुमारास, आणि सॉफ्टवेअरमध्ये साडेपाच तासांचा टाइम झोन भरला नसेल तर सगळ्या सावल्या चुकतात.

प्रश्न: झवेरी बाजारातल्या एका पेढीसाठी मी ऱ्हायनोमध्ये अंगठ्यांचे डिझाइन करतो. ओतकामाची फाइल रेंडर केली की हिरे काचेच्या मण्यांसारखे दिसतात आणि सोने काळपट येते. (वाचक, गिरगाव)

उत्तर: ओतकामाची फाइल आणि चित्राची फाइल या वेगळ्या ठेवाव्यात. ओतकामाच्या फाइलमध्ये धातू आत जाण्याची नळी असते, धातूचे आकुंचन आणि घासाई धरून मापे वाढवलेली असतात, आणि खड्याला धरणारे प्रॉन्ग मुद्दाम उंच ठेवलेले असतात, कारण जडाई करणारा ते नंतर वाकवून छाटतो. तीच फाइल रेंडर केली, तर प्रॉन्ग खांबांसारखे उभे दिसतात. चित्राच्या प्रतीत ते खड्यावर टेकवून गोल करावेत, नळी काढावी, आणि खड्याची बैठक कोरण्यासाठी वापरलेले कटर लपवले आहेत ना हे पाहावे. आपल्या फाइलमध्ये ते हिऱ्यांच्या आतच राहिले आहेत, आणि हिरे मंद दिसण्याचे एक कारण ते आहे.

दुसरे कारण म्हणजे स्मूथिंग. ब्रिलियंट कटच्या हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात आणि त्याचे सारे तेज त्या पैलूंच्या सपाटपणावर अवलंबून असते. पहिल्या उत्तरातले गोल भांडे सलग दिसायला हवे होते, इथे नेमके उलट प्रत्येक पैलू सुटा दिसायला हवा: हिऱ्यावर स्मूथिंग पूर्ण बंद असले पाहिजे. अपवर्तनांक २.४२ ठेवावा, काचेचा १.५ राहिला असेल, तर तो मणीच दिसणार. हिऱ्यात शिरलेला किरण बाहेर पडण्यापूर्वी आत अनेकदा परावर्तित होतो, म्हणून किरणांच्या उसळ्यांची मर्यादा बाराच्या खाली आणू नये, नाहीतर पैलू काळे पडतात. रंगांची झाक हवी असेल, तर डिस्पर्शनचे सेटिंग वापरावे. पावेच्या, म्हणजे लहान खडे दाटीने जडवण्याच्या, कामात शंभर खडे असतील, तर एकच हिरा नीट तयार करून त्याच्या इन्स्टन्स, म्हणजे मूळ हिऱ्याशी जोडलेल्या, प्रती बसवाव्यात.

सोने काळपट येते, कारण चकचकीत धातूला स्वतःचे असे रूप फारच थोडे असते. तो भोवतालचे दाखवतो, आणि आपण भोवताल काळा ठेवला आहे. मोठे, मऊ, एका कडेकडे विझत जाणारे पांढरे पडदे प्रतिबिंबासाठी ठेवावेत आणि त्यांच्यामध्ये काळ्या पट्ट्या सोडाव्यात. सोन्याच्या कडांना पॉलिशमुळे येणारी ०.०५ ते ०.१ मिलिमीटरची गोलाई द्यावी. अंगठी मीटरमध्ये उघडली गेली नाही ना, हेही तपासावे: २० मिलिमीटरची वस्तू २० मीटरची झाली, तर जवळून काढलेल्या फोटोतला पुढेमागे धूसर होणारा फोकस येणारच नाही.

प्रश्न: माहितीपत्रकासाठी बेडरूम मोठी दाखवा, असे बिल्डरकडून सांगितले जाते. कितपत करावे? (वाचक, कांजूरमार्ग)

उत्तर: मॉडेलची मापे मंजूर नकाशाप्रमाणेच असावीत, त्यात तडजोड नसावी. दहा बाय दहाच्या खोलीत सहा बाय सव्वासहाचा पलंग आकसून पाच फुटांचा करणे, किंवा १२ मिलिमीटरची लेन्स लावून खोलीचा हॉल करणे, ही घर घेणाऱ्याची फसवणूक आहे. तो माणूस आयुष्याची बचत त्या चित्रावर विश्वास ठेवून देत असतो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाले, तर विकासकाला भरपाई द्यावी लागते, हे आपण बिल्डरला लेखी कळवू शकता. खोली लहान असेल, तर कॅमेऱ्यामागची भिंत चित्रापुरती कापून कॅमेरा मागे न्यावा आणि २४ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स ठेवावी. खोलीचे प्रमाण त्यात खरे राहते आणि चित्रही मोकळे वाटते.

प्रश्न: डिझाइन दर आठवड्याला बदलते आणि प्रत्येक वेळी सगळी मटेरियल पुन्हा लावावी लागतात. यातून सुटका आहे का? (वाचक, लालबाग)

उत्तर: आहे, परंतु तिची सुरुवात कॅडमध्ये पहिल्या दिवशी होते. रेंडरिंगची सॉफ्टवेअर नव्या फाइलमधल्या भागाची जुन्याशी ओळख बहुधा त्याच्या नावावरून, लेयरवरून किंवा मटेरियलवरून पटवतात. आपल्या फाइलमध्ये भागांची नावे ‘बॉडी १’, ‘बॉडी २’ अशी आपोआप पडलेली आहेत, आणि एक भाग वाढला की पुढची सगळी नावे सरकतात. प्रत्येक भागाला कायमचे नाव द्यावे. जितकी मटेरियल, तितके लेयर ठेवावेत, आणि कॅडमध्ये प्रत्येकाला वेगळा भडक रंग द्यावा. फाइल उघडताच कुठला भाग चुकीच्या लेयरवर गेला आहे हे रंगावरूनच कळते. ब्लॉक आणि कंपोनंट (एकत्र बांधलेले भागांचे गट) फोडू नयेत. टेक्स्चर हाताने उलगडून बसवण्याऐवजी शक्य तिथे खऱ्या मापाचे बॉक्स मॅपिंग (खोक्याच्या बाजूंसारखे सगळीकडून टेक्स्चर बसवण्याची पद्धत) वापरावे, कारण शटर चार इंचांनी रुंद झाले तरी ते टिकते.

कडांची गोलाई आणि फटी यांसाठी कॅडमध्ये वेगळे कॉन्फिगरेशन किंवा वेगळी प्रत ठेवली असेल, तर बदल मूळ मॉडेलमध्ये करून तो त्या प्रतीत आपोआप उतरेल अशी जोडणी असावी. रेंडरिंगच्या फाइलमध्ये भूमितीची दुरुस्ती करू नये. तिथे सरकवलेली एक भिंत पुढच्या आठवड्यात जुन्या जागी परत येते, आणि ती का परत आली हे शोधण्यात सबंध दुपार जाते. एक्सपोर्ट केलेली प्रत्येक फाइल तारखेसह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी, आणि त्याच फोल्डरमध्ये अंतराची व कोनाची मर्यादा, एकक आणि वर असलेला अक्ष यांची नोंद असलेली एक छोटी मजकूर फाइल ठेवावी. पुढचा एक्सपोर्ट तुमच्याऐवजी तुमच्या सहकाऱ्याने केला, तरी तो जुन्यावर बरोबर बसेल.